लेखनापूर्वीचे विचारमंथन : मुद्दे आधी कागदावर, मग फळ्यावर

मराठीच्या तासाला शिक्षक फळ्यावर विषय लिहितात, ‘सांगा बरं, यावर काय काय लिहिता येईल?’ असे विचारतात, पुढच्या बाकांवरची ठरलेली चार-पाच मुले हात वर करतात, त्यांची उत्तरे सुवाच्य अक्षरांत फळ्यावर उमटतात आणि उरलेला वर्ग ती मुकाट्याने वहीत उतरवून घेतो. शाळांमध्ये यालाच विचारमंथन किंवा ब्रेनस्टॉर्मिंग म्हटले जाते. आठवड्याने वह्या तपासायला घेतल्या, की एकच निबंध चाळीस हस्ताक्षरांत वाचावा लागतो. मीही बरीच वर्षे असेच करत होते आणि त्याचा दोष मुलांच्या वाचनाला, मोबाइलला आणि घरच्या वातावरणाला देत होते. प्रत्यक्षात चूक माझ्या क्रमात होती. जी गोष्ट तासाच्या शेवटी करायची ती मी आरंभी करत होते, आणि जी आरंभी करायची ती करतच नव्हते.

विचारमंथन संपते तेव्हा प्रत्येक विद्यार्थ्याकडे त्याचे स्वतःचे, शेजाऱ्यापेक्षा वेगळे असे साहित्य तयार असायला हवे. फळा भरला पण कागद कोरे राहिले, तर तो तास फुकट गेला असे समजावे.

पुढील पद्धत आठवी ते दहावीच्या, चाळीस-पंचेचाळीस मुलांच्या वर्गासाठी मांडली आहे. पस्तीस मिनिटांचे दोन तास लागतात. उदाहरणासाठी ‘आठवडी बाजारातील एक तास’ हा प्रसंगलेखनाचा एकच विषय शेवटपर्यंत घेतला आहे, म्हणजे एका मुद्द्याचे प्रत्येक टप्प्यावर काय होते ते दिसत राहील.

आदल्या दिवसांची तयारी

विषय आधी शिक्षकाने स्वतः लिहून पाहावा. घड्याळ लावून सहा मिनिटांत आपल्याला जेवढे सुचेल तेवढे एका कागदावर उतरवावे. बारा मुद्देही निघाले नाहीत तर विषय फार ढोबळ आहे किंवा आपल्या अनुभवापासून दूर आहे, आणि मग तो मुलांनाही अडवणारच. ‘आठवडी बाजार’ एवढाच विषय दिला तर मुले बाजाराचे महत्त्व, बाजाराचे फायदे आणि ग्रामीण अर्थव्यवस्था यांच्याकडे वळतात. ‘आठवडी बाजारातील एक तास’ म्हटले की त्यांना उभे राहायला जागा मिळते. विषय अरुंद करण्यासाठी त्यात वेळ, जागा किंवा एखादी व्यक्ती घालावी. बहुतेक वेळा तेवढ्याने काम भागते.

विषय मुलांना किमान दोन दिवस आधी सांगावा, मात्र ‘लिहून आणा’ असे म्हणू नये. ‘बघून या’ एवढेच सांगावे. गावचा बाजार मंगळवारी भरत असेल तर लेखनाचा तास बुधवारी ठेवावा. ही साधी जुळवाजुळव वेळापत्रकात सहज बसते, तरी ती क्वचितच केली जाते आणि मग मुलांकडून दिवाळीत पावसाचे वर्णन मागितले जाते.

साहित्य फारसे लागत नाही. एका बाजूने वापरलेले, पाठकोरे कागद अर्धे फाडून प्रत्येकी एक द्यावा. वही वापरू नये, कारण वही म्हटली की मुले समास आखतात, तारीख घालतात आणि अक्षर सुधारू लागतात. लेखणी म्हणून पेन असावे. पेन्सिल असली की तिच्या मागोमाग खोडरबर येतो, आणि खोडरबर आला की मुद्दे गायब होऊ लागतात. वर्गात सर्वांना दिसेल असे घड्याळ किंवा टेबलावर ठेवलेला गजर हवा. जोड्या आधीच ठरवून ठेवाव्यात. त्या शक्यतो बाकावरच्याच असाव्यात, पण नेहमीच एक बोलतो आणि दुसरा ऐकतो अशी जोडी असेल तर ती फोडावी.

शिक्षकाच्या हाताशी चार-पाच उत्तेजक प्रश्नांची चिठ्ठी असावी. बाजारासाठी माझ्या चिठ्ठीवर असे होते: कानांना काय ऐकू आले? कशाचा वास आला? कोणाच्या हातात काय होते? पैशांवरून काय बोलणे झाले? तुमचे स्वतःचे काय बिनसले? यांतला शेवटचा प्रश्न सर्वांत उपयोगी ठरतो, कारण प्रसंगलेखनात प्रसंग असावा लागतो आणि काही बिनसल्याशिवाय प्रसंग सहसा घडत नाही.

टप्पा १ : विषय फोडणे (५ मिनिटे)

विषय फळ्यावर लिहावा आणि तीनच गोष्टी ठरवून घ्याव्यात. हे कोण सांगत आहे? कोणाला सांगत आहे? साधारण किती शब्दांत सांगायचे आहे? ‘एक तास’ या शब्दांखाली रेघ मारावी. बाजाराची माहिती द्यायची नसून त्या तासात घडलेले सांगायचे आहे, हा फरक इथेच स्पष्ट झाला नाही तर पुढचे सगळे मुद्दे चुकीच्या दिशेने जातात. या टप्प्यावर उदाहरण म्हणून एकही मुद्दा शिक्षकाने देऊ नये. ‘जसे की, भाजीवाल्यांची आरडाओरड’ एवढे जरी म्हटले तरी ती आरडाओरड चाळीस कागदांवर पहिल्या ओळीत येते.

पडताळणी: मागच्या बाकांवरच्या तिघांना विषय स्वतःच्या शब्दांत सांगायला लावावा. ‘बाजाराबद्दल लिहायचे आहे’ असे उत्तर आले तर पुढे जाऊ नये.

टप्पा २ : मूक लेखन (६ मिनिटे)

सगळ्या पद्धतीत हाच टप्पा वगळला जातो आणि नेमका हाच वगळता येत नाही. वर्गाने मोठ्याने मुद्दे सांगण्याआधी प्रत्येकाने एकट्याने, न बोलता, कागदावर मुद्दे काढायचे असतात.

कारण समजून घ्यावे. गटात बोलताना एका वेळी एकच जण बोलू शकतो. आपली पाळी येईपर्यंत बाकीच्यांना आपला मुद्दा लक्षात ठेवावा लागतो, त्या धडपडीत नवा सुचत नाही, आणि दुसऱ्याचा मुद्दा ऐकून स्वतःचा फिका वाटू लागतो. शिवाय ‘कोणीतरी सांगेलच’ या भरवशावर अर्धा वर्ग थांबतो. १९५८ साली येल विद्यापीठात झालेल्या एका प्रयोगात चौघांच्या गटांनी मिळून काढलेल्या कल्पनांपेक्षा एकेकटे विचार करणाऱ्या चौघांच्या कल्पना एकत्र केल्यावर अधिक भरल्या होत्या. आपल्या वर्गात हे पडताळून पाहायला एक तास पुरतो.

मुलांना नियम थोडक्यात सांगावेत.

१. बोलायचे नाही आणि शेजारच्या कागदाकडे पाहायचे नाही.
२. एका ओळीत एकच मुद्दा, दोन ते सहा शब्दांचा. पूर्ण वाक्य नको.
३. काही खोडायचे नाही. मुद्दा वाईट वाटला तरी तो राहू द्यायचा.
४. शुद्धलेखनाची काळजी आत्ता नाही. घरी जसे बोलतो तशा शब्दांत लिहिले तरी चालेल.

चौथ्या नियमाकडे दुर्लक्ष होते. घरी अहिराणी, वऱ्हाडी, मालवणी किंवा गोंडी बोलणाऱ्या मुलाला बाजारातली गोष्ट आठवते ती त्याच भाषेत. तिचे प्रमाण मराठीत रूपांतर करायला आपण त्याला याच क्षणी भाग पाडले तर ते मूल शब्द शोधत बसते आणि गोष्ट निसटते. रूपांतर कच्च्या लेखनाच्या वेळी करता येते, आणि संवादात तर बोलीचा शब्द तसाच ठेवलेला बरा.

या सहा मिनिटांत शिक्षकानेही आपल्या जागी बसून लिहावे. बाकांमधून फिरू नये. शिक्षक शेजारी येऊन उभा राहिला की मुलाचा हात कागद झाकायला जातो. तिसऱ्या मिनिटाच्या सुमारास बहुतेक पेने थांबतात आणि मुले छताकडे पाहू लागतात. इथे ‘झाले का? चला’ असे म्हणून टप्पा गुंडाळण्याचा मोह होतो. तो आवरावा आणि चिठ्ठीवरचा एक प्रश्न शांतपणे वाचावा, मिनिटभराने दुसरा. या थांब्यानंतर जे येते त्यासाठीच हा सगळा खटाटोप असतो.

असे का म्हणते ते एका मुलीच्या कागदावरून दिसेल. तिच्या ओळी ज्या क्रमाने आल्या त्याच क्रमाने देते:

गर्दी
ताजी भाजी
खूप आवाज
ताडपत्री बांधायला दगड
आजीने मेथीची जुडी झटकली, पाणी माझ्या पायावर
सुट्टे नाहीत, दोन लिंबे दिली
सुक्या मासळीपाशी कुत्रा
बाबांनी भाव विचारला आणि पुढे गेले
मला कसेतरी झाले

पहिल्या तीन ओळी कोणाच्याही असू शकतात. बाजारात न गेलेले मूलही त्या लिहील. चौथ्या ओळीपासून ती खरोखर बाजारात उभी आहे, आणि आठव्या ओळीपर्यंत पोहोचायला तिला पाच मिनिटे लागली. नेहमीच्या पद्धतीत आपण पहिल्या तीन ओळी ऐकतो, ‘छान’ म्हणतो आणि पुढच्या मुलाकडे वळतो.

पडताळणी: प्रत्येकाने आपल्या ओळी मोजून कागदाच्या कोपऱ्यात आकडा लिहावा. आठपेक्षा कमी ओळी असलेल्यांना आणखी दोन मिनिटे द्यावीत. ज्याचा कागद अगदीच कोरा आहे त्याला लिहायला सांगू नये. त्याने बाजाराचा नकाशा काढावा: आत कुठून शिरतात, मसालेवाला कुठे बसतो, भांड्यांची दुकाने कुठे, तू कुठे उभा होतास. चौकोन काढता काढता शब्द येऊ लागतात. एकदा तर असा नकाशा काढणाऱ्या मुलाकडेच सर्वांत जास्त मुद्दे निघाले होते.

टप्पा ३ : जोडीत अदलाबदल (७ मिनिटे)

बाकावरच्या दोघांनी कागद बदलावेत. जी ओळ कोणाला दाखवायची नसेल ती दुमडून ठेवण्याची मुभा आधीच जाहीर करावी. घरातले भांडण, पैशांची चणचण किंवा मनातली भीती या गोष्टी लेखनात यायला हव्या असतील तर त्या कोणाला दिसणार हे ठरवण्याचा हक्क मुलाकडेच राहिला पाहिजे.

जोडीदाराचे काम कौतुक करण्याचे नाही आणि चुका काढण्याचेही नाही. त्याने कोणतेही दोन मुद्दे निवडायचे आणि प्रत्येकाशेजारी एक प्रश्न लिहायचा. प्रश्न कोणता, किती, कोण म्हणाले, मग काय झाले, अशा प्रकारचा हवा. वरच्या मुलीच्या ‘बाबांनी भाव विचारला आणि पुढे गेले’ या ओळीशेजारी तिच्या मैत्रिणीने दोनच शब्द लिहिले: ‘कशाचा भाव?’ उत्तर आले: ‘द्राक्षांचा. लहान बहीण हट्ट करत होती.’ एवढ्यात तिला आपला प्रसंग सापडला, आणि त्यात शिक्षकाचा काडीचाही हात नव्हता.

सावधान: जोडीच्या जागी पाच-सहा जणांचे गट करू नयेत. मोठ्या गटात एक जण लेखनिक होतो, एक पुढारी होतो आणि बाकीचे पेनाची टोपणे फिरवत बसतात. विद्यार्थिसंख्या विषम असेल तर एकच तिघांचा गट करावा.

पडताळणी: प्रत्येक कागदावर दोन प्रश्न आणि त्यांची दोन उत्तरे आहेत का, हे वरवर पाहावे. ‘छान आहे’ किंवा ‘अजून लिही’ असे शेरे असतील तर ते प्रश्न नव्हेत. जोडीला परत करायला लावावे.

टप्पा ४ : आता फळा (१० मिनिटे)

इथे खडू हातात घ्यावा. प्रत्येक जोडीने एकच मुद्दा सांगायचा, तोही दोघांपैकी ज्याचा आहे त्याने नव्हे तर जोडीदाराने. अबोल मुलाचा मुद्दा अशाने फळ्यापर्यंत पोहोचतो आणि त्याला स्वतः उभे राहावे लागत नाही. सुरुवात शेवटच्या बाकापासून करावी. मुद्दा मुलाने सांगितला तसाच लिहावा, सुधारून नव्हे. ‘कुत्रं मासळीकडं बघत बसलं होतं’ याचे ‘श्वानाची उपस्थिती’ असे काही होऊ देऊ नये. मी हे गंमत म्हणून लिहीत नाही, आम्ही शिक्षक खरोखर असे करतो.

एकच मुद्दा पुन्हा आला तर तो परत न लिहिता त्याच्यापुढे बरोबरची खूण वाढवत जावे. शेवटी ‘गर्दी’पुढे आठ-नऊ खुणा दिसतील आणि ‘सुट्ट्यांऐवजी लिंबे’पुढे एकही नसेल. याचा अर्थ मुलांना उलगडून सांगावा. जास्त खुणा असलेला मुद्दा चुकीचा नसतो, पण तो सगळ्यांचा असतो. त्यावर एक ओळ पुरे. परिच्छेद लिहायचा तो बिनखुणेच्या मुद्द्यावर.

फळ्यावर लिहीत असताना शिक्षकाने ‘वा’ म्हणू नये आणि ‘हे नको’ही म्हणू नये. पहिल्याने वर्ग एका दिशेला पळतो, दुसऱ्याने तोंडे मिटतात. एका वर्षी याच विषयावर एका मुलाने ‘दारू पिऊन पडलेला माणूस आणि त्याला उठवणारी बायको’ असा मुद्दा सांगितला. मी सवयीने ‘असले नको रे’ म्हणाले. त्यानंतर घंटा होईपर्यंत फळ्यावर ताजी भाजी, रंगीबेरंगी फळे आणि आनंदी माणसे यांखेरीज काही आले नाही. त्या मुलाने पाहिलेले दृश्य त्या दिवशीच्या वर्गातले सर्वांत खरे होते, आणि त्याने अखेर निबंध लिहिला तो बाजारातल्या स्वच्छतेवर.

टवाळी म्हणून सांगितलेला मुद्दाही कोऱ्या चेहऱ्याने लिहावा. त्यावर हसणे किंवा रागावणे टाळले की टवाळी दोन मुद्द्यांत संपते.

फळा भरल्यावर मुलांना दोन मिनिटे द्यावीत. फळ्यावरचे फक्त दोन मुद्दे त्यांनी आपल्या कागदावर घ्यायचे, तेही वेगळ्या शाईने, म्हणजे उसने कोणते आणि स्वतःचे कोणते हे दिसत राहते. मग फळा पुसून टाकावा. हा सल्ला ऐकून सहकारी शिक्षक दचकतात. एवढे मुद्दे निघाले, ते पुसायचे? पुसायचेच. फळा तसाच ठेवला तर आधीच्या तीन टप्प्यांनी जे मिळवले ते पुढच्या दहा मिनिटांत नाहीसे होते, कारण भरलेला फळा समोर असताना स्वतःच्या चुरगळलेल्या कागदावर विश्वास ठेवणे चौदा वर्षांच्या मुलाला अवघड जाते.

पहिला तास इथे संपतो. कागद गोळा करून शिक्षकाने स्वतःकडे ठेवावेत. घरी दिले तर निम्मे परत येत नाहीत, आणि काही कागदांवर मोठ्या भावाचे मुद्दे येतात.

टप्पा ५ : गाळणी (१० मिनिटे, दुसरा तास)

मुद्दे जमले की मुले लगेच लिहू लागतात आणि जमलेले सगळे आत घालतात. शंभर-सव्वाशे शब्दांत पंधरा मुद्दे कोंबले की प्रत्येकाला एकेक वाक्य मिळते आणि लेखनाची यादी होते. म्हणून गाळणे हा स्वतंत्र टप्पा धरावा.

आधी प्रत्येकाने कागदाच्या तळाशी एक वाक्य लिहावे: ‘हा तास मला आठवतो, कारण…’ हे वाक्य निबंधात जाणार नसते. ते गाळणीची जाळी असते. आपल्या मुलीने लिहिले: ‘हा तास मला आठवतो, कारण बाबांनी द्राक्षांचा भाव विचारला आणि आम्ही न घेता पुढे गेलो.’ आता प्रत्येक मुद्दा या वाक्यासमोर धरून पाहायचा. गर्दी आणि आवाज मागे राहतील, अर्ध्या ओळीपुरते. ‘सुट्टे नाहीत, दोन लिंबे दिली’ हा मुद्दा राहतो, कारण तोही पैशांचाच आहे आणि पुढे जे होणार त्याची तयारी करतो. मेथीच्या जुडीचे पाणी पायावर पडले, ते राहू शकते, तिथे शरीराला काहीतरी जाणवते. कुत्रा मात्र गेला. तिला तो आवडत होता आणि तिने बरीच हुज्जत घातली. पण द्राक्षांपाशी उभ्या असलेल्या दोन बहिणींच्या प्रसंगात तो लुडबुड करत होता, हे शेवटी तिचे तिलाच पटले.

वगळलेल्या मुद्द्यावर आडवी रेघ मारावी, तो गिरवून काळा करू नये. दुसऱ्या लेखनाला तो उपयोगी पडतो.

पडताळणी: पाच ते सहा मुद्दे उरले पाहिजेत आणि त्यांतले किमान चार स्वतःच्या मूळ शाईतले असावेत. तळाचे वाक्य ‘कारण मला खूप मजा आली’ असे असेल तर ‘कशाची?’ एवढेच विचारून कागद परत द्यावा.

टप्पा ६ : क्रम आणि कच्चे लेखन (२५ मिनिटे)

उरलेल्या मुद्द्यांना आकडे घालावेत. जसे घडले तसेच सांगायचे असे बंधन नाही, पण पहिल्या लेखनात तोच क्रम सोपा जातो. सुरुवात कुठून करावी यावर मुले फार अडतात आणि मग ‘रविवारचा दिवस होता, सूर्य उगवला होता, पक्षी किलबिलाट करत होते’ या तयार पायऱ्यांवरून वर चढतात. यावर माझा उपाय असा की पहिले वाक्य लिहूच द्यायचे नाही. कागदावर तीन ओळी मोकळ्या सोडायच्या आणि मुख्य मुद्द्यापासून लिहायला घ्यायचे. सगळे लिहून झाल्यावर वर जाऊन पाहिले तर पुष्कळदा त्या मोकळ्या ओळींची गरजच उरलेली नसते. त्या मुलीचे लेखन असे सुरू झाले: ‘ “द्राक्षं कशी दिली?” बाबांनी विचारले आणि माझ्या बहिणीने माझा हात घट्ट धरला.’

गाळणी आणि कच्चे लेखन यांच्यात दिवस जाऊ देऊ नये. आकडे घातलेला कागद चार दिवसांनी पाहिला तर त्यावरचे शब्द मुलालाच परके वाटतात.

सावधान: मुद्द्यांच्या कागदाला गुण देऊ नयेत, त्यावर लाल शाई लावू नये, तो प्रदर्शनफलकावरही लावू नये. त्या कागदाला गुण आहेत असे कळताच मुले तो घरून नीटनेटका करून आणतील आणि पहिल्या नियमापासून सगळे कोसळेल. मात्र कच्च्या लेखनाला तो टाचणीने जोडून घ्यावा आणि तपासताना आधी कागद वाचून मग लेखन वाचावे. कागदावर जिवंत असलेला मुद्दा लेखनात मेला असेल तर शेरा त्याविषयीच द्यावा: ‘लिंबांचे काय झाले?’ ‘वर्णन वाढवावे’ या शेऱ्याने कोणाचे वर्णन वाढल्याचे मी पाहिलेले नाही.

लेखनप्रकार बदलला तर

आत्मकथनात, समजा एसटी थांबा बोलतो आहे, तर मूक लेखनाआधी दोन गोष्टी ठरवून घ्याव्यात: त्याला त्याच्या जागेवरून काय दिसते आणि काय कधीच दिसू शकत नाही. गाडी पुढे कुठे गेली, हे थांब्याला ठाऊक नसते. ही मर्यादा पाळली की मुद्दे आपोआप नेमके होतात.

वैचारिक लेखनात बाजूने आणि विरुद्ध असे दोन रकाने आखण्याची पद्धत रूढ आहे. तेवढ्यावर थांबले तर निष्कर्ष ‘प्रत्येक गोष्टीचे फायदे-तोटे असतात’ एवढाच निघतो. तिसरा रकाना जोडावा: कोणाला आणि केव्हा? ‘मोबाइलमुळे अभ्यास होतो’ यापुढे ‘गावात शिकवणी नाही, ताईने दहावीचे गणित व्हिडिओवर केले’ असे आले की मुद्द्याला आधार मिळतो. जोडीदाराचे प्रश्नही या तिसऱ्या रकान्यातूनच काढायला सांगावेत.

कथेसाठी पात्राला काय हवे आहे आणि कोण आडवे येते, या दोन प्रश्नांवर मूक लेखन करावे. पत्रात विचारमंथनाचा उपयोग मागणी नेमकी करण्यापुरता आहे. बातमीत तर तो जवळजवळ नाहीच: काय, कुठे, केव्हा, कोण हे दिलेल्या मजकुरातून उचलायचे असते आणि तिथे मुले भरभरून कल्पना लढवू लागली तर ते नुकसानच होय.

परीक्षेत हेच चार मिनिटांत

दहावीच्या मराठीच्या प्रश्नपत्रिकेत प्रसंगलेखन, आत्मकथन आणि वैचारिक लेखन यांतून एक निवडायचे असते. मुले विषयाचे नाव पाहून निवड करतात आणि अर्ध्यावर अडकतात. त्यांना अशी सवय लावावी: तिन्ही विषयांखाली भराभर तीन-तीन शब्द लिहायचे आणि चौथा शब्द जिथे सहज येतो तो विषय घ्यायचा. याला दीड मिनिट लागते. त्याच विषयावर आणखी दीड मिनिट मुद्दे काढायचे, मग ‘कारण’चे वाक्य, रेघा आणि आकडे. कच्च्या कामाविषयी उत्तरपत्रिकेवर ज्या सूचना छापलेल्या असतील त्या पाळूनच हे लिहावे.

परीक्षेत जोडीदार नसतो, म्हणून त्याचा ‘कोणता?’ हा प्रश्न मुलाने स्वतःला विचारायचा असतो. त्यासाठी सराव परीक्षेच्या आधी दोन महिने तरी सुरू व्हावा. आठवड्यातून एकदा तासाची शेवटची चार मिनिटे पुरतात: फळ्यावर तीन विषय, हातात पाठकोरा कागद, आणि घंटा होताच कागद टेबलावर. त्या दिवशी निबंध लिहायला लावू नये.